टर्बो शाबूत होता: सोलापूरच्या उन्हात दम टाकणाऱ्या लॉरा आरएसचं प्रकरण

गाडी स्कोडा लॉरा आरएस, २०११ची. १७९८ सीसीचं १.८ टीएसआय इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. कंपनीतून निघताना १६० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. युरोपातल्या आरएसला २.० लिटरचं २०० पीएसचं इंजिन होतं. आपल्याकडे नाव तेच आलं, इंजिन मात्र १.८च राहिलं. त्यामुळे या गाडीत जास्तीची ताकद घालायची हौस इथे जुनी आहे. या मालकांनी ती डिसेंबर २०२२मध्ये भागवली. दुसऱ्या शहरातल्या एका वर्कशॉपने मूळचा के०३ टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा भाग) काढून मोठा के०४ बसवला, तीन इंची डाउनपाइप टाकला, मूळची एअरबॉक्स काढून उघडा कोन फिल्टर लावला, क्लच जड केला आणि इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये नवा मॅप, म्हणजे टर्बोचा दाब, स्पार्क आणि इंधन ठरवणारे तक्ते, लिहिला. डायनोच्या (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर आकडा आला चाकांवर २३८ बीएचपी.

मे २०२५मध्ये गाडी सोलापूरला आमच्या गॅरेजमध्ये आली तेव्हा मागणी ठरलेली होती. मालकांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, रोज यंत्रांशी संबंध, त्यामुळे बोलणंही थेट. "अण्णा, तुळजापूरच्या घाटात गाडी दम टाकायलीय. टर्बो थकलाय बघा. याच्यापेक्षा मोठा टाकून द्या." मोठ्या टर्बोची चौकशी करून, आगाऊ रक्कमही बाजूला काढून ते आले होते. मी त्यांना म्हटलं, "मालक, आधी लॉग काढू. टर्बो गेला असेल तर लॉगच सांगेल." लॉग म्हणजे गाडी चालताना तिच्या कॉम्प्युटरमधून उतरवून घेतलेले आकडे.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे अशा गाड्या दर उन्हाळ्यात येतात. हिवाळ्यात थंड हवेच्या शहरात मॅप होतो, कागदावर आकडा येतो, गाडी सोलापूरला परत येते आणि एप्रिलमध्ये बिघडते. मग दोष टर्बोवर जातो. टर्बो हा या सगळ्या साखळीतला सगळ्यात चमकदार भाग, म्हणून कौतुकही त्याचंच होतं आणि दोषही त्यालाच लागतो.

तक्रार नेमकी काय होती

मालकांना आम्ही खोदून खोदून विचारलं, कारण "दम टाकते" यातून काहीच कळत नाही. सकाळी गाडी बरी चालते. दुपारी एसी लावून, घरची चार माणसं घेऊन मंगळवारी देवीला निघालं की घाट सुरू झाल्यावर दहा मिनिटांत पिकअप पडतो. ट्रक ओलांडायला पाय दाबला की आधी इंजिनातून बारीक टणटण आवाज येतो, मग जोर जातो. कधी ईपीसीचा (इंजिनातल्या बिघाडाचा) दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. बंद करून चालू केली की पुन्हा चालते. पहिल्या उन्हाळ्यात हे क्वचित व्हायचं, दुसऱ्यात वाढलं आणि यंदा एप्रिलपासून दर खेपेला.

त्यातला टणटण आवाज मला सगळ्यात गंभीर वाटला. नॉकिंगचा तो आवाज. स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा घाव बसतो. कॉम्प्युटर नॉक सेन्सरवर तो ऐकतो आणि स्पार्क मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, म्हणून गाडी वाचते आणि म्हणूनच जोर पडतो. पण स्पार्क मागे घेऊनही आवाज कानाला ऐकू येत असेल, तर कॉम्प्युटरच्या हातात आता फार काही उरलेलं नाही असं समजावं. मालकांना त्या दिवसापासून पाय अर्ध्यावर ठेवायला सांगितलं.

कॉम्प्युटरमधले साठवलेले कोड दोन होते. पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने दिलेला जास्तीचा दाब) कमी. आणि पी००८७, म्हणजे इंधनाच्या रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब कमी. आधीच्या ठिकाणी यातला पहिला वाचून टर्बो गेल्याचं सांगण्यात आलं होतं. पण व्हीसीडीएस या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कोडसोबत तो कधी पडला, किती किलोमीटरला पडला, त्या वेळी आरपीएम किती होते, किती वेळा पडला, हे सगळं दिसतं. पी०२९९ एकदाच पडला होता, बऱ्याच किलोमीटरपूर्वी. पी००८७ पुन्हा पुन्हा, दुपारी बारा ते पाचच्या दरम्यान, ५००० आरपीएमच्या वर. कोडचं नाव वाचून निदान करणारे खूप आहेत. त्याच्या खालच्या चार ओळी वाचायला दोन मिनिटं जास्त लागतात आणि निम्मं प्रकरण तिथेच उलगडतं.

टर्बो हातात घेतला

तरी आधी टर्बोच तपासला, मालकांच्या मनातली शंका फिटायला हवी होती. इनटेकचा पाइप काढून कॉम्प्रेसरच्या चाकाचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला. आत-बाहेर खेळ नाही, आडवा किंचित, जो ऑइलवर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये असायलाच हवा. चाक हाऊसिंगला कुठेही घासलेलं नाही. पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर होता, या इंजिनांत क्रँककेसची वाफ तिथेच सोडलेली असते, त्यामुळे तो चालतो. वेस्टगेटची दांडी मोकळी.

एक गोष्ट मात्र खटकली. चाकाच्या पात्यांची पुढची धार बोटाला बोथट लागली, उजेडात धरल्यावर बारीक टोचे दिसले. मिनिटाला दीड लाखाच्या वर फिरणाऱ्या पात्यावर धुळीचा कण आदळला की हे होतं. उघडा कोन फिल्टर बोनेटखाली, त्याची जाळी कधी साफ केली आणि तेल कधी लावलं याची नोंद नाही, आणि आपल्याकडची काळ्या मातीची धूळ. एअरबॉक्स काढून कोन लावणं हे सोलापुरात मला कधीच पटलेलं नाही. आवाज छान येतो, पण पाती झिजतात आणि बोनेटखालची तापलेली हवा आत जाते. दुसऱ्या मुद्द्याकडे पुढे येतोच.

धुराची टेस्ट केली तेव्हा इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपावरचा सिलिकॉन होस क्लिपखाली चिरलेला सापडला. जुन्या पी०२९९चा खुलासा बहुधा तिथेच होता. होस बदलला, क्लिप रुंद पट्ट्याची टाकली. पाय काढल्यावर जास्तीचा दाब सोडणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह शाबूत होता. या इंजिनांच्या सुरुवातीच्या व्हॉल्व्हमधला पडदा फाटतो, म्हणून तो उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. इंजिन बंद केल्यावर टर्बोतून पाणी फिरवणारा छोटा विजेचा पंप चालतो का, हे आमच्या गॅरेजमधल्या मामांनी बोनेटला कान लावून ऐकलं. चालत होता. चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमधला फरक एक बारच्या आत.

मग प्लग काढले. दोन आणि तीन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके होते, भिंगाखाली त्यातले एक-दोन चमकत होते. चमकणारा ठिपका म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. मालकांना बोलावून भिंगातून दाखवलं. मोठ्या टर्बोचं बोलणं त्या दिवसापुरतं थांबलं.

लॉग

लॉग काढायची जागा हा सोपा प्रश्न नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ६००० आरपीएमपर्यंत ओढलं तर ही गाडी १३०च्या आसपास जाते आणि चौपदरी महामार्गावर कारची मर्यादा १०० आहे. सार्वजनिक रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरचे पुल (पाय पूर्ण दाबून एकाच गिअरमध्ये वरच्या आरपीएमपर्यंत ओढणं) काढणं मला मान्य नाही, कोणी कितीही पहाटे जाऊ म्हटलं तरी. दुसऱ्या गिअरमध्ये ६०००ला गाडी नव्वदच्या आसपास असते, तेवढं रिकाम्या सरळ रस्त्यावर बसतं. पण दुसऱ्या गिअरचा पुल इतका लवकर संपतो की उष्णता साठत नाही. म्हणून दोन प्रकारचे लॉग घेतले: तुळजापूर रस्त्यावर घाट चढताना एसी लावून सलग, आणि घाट संपल्यावर लगेच सरळ पट्ट्यावर दुसऱ्या गिअरचा पूर्ण पुल. मालकांची तक्रार जशी येत होती, त्याच क्रमाने.

मालकांच्या फोनमध्ये जुन्या वर्कशॉपने मॅप करताना काढलेला लॉगही होता. तुलनेला तो अमूल्य ठरला. तेव्हा बाहेरची हवा १८ अंश. बूस्ट १.२ बार. सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचं तापमान पुलच्या शेवटी ५७ अंश. स्पार्क मागे जवळजवळ शून्य.

आमच्या दुपारी बाहेर ४२ अंश. बूस्ट मागितला १.२, मिळाला १.२. टर्बो मागेल तेवढं देत होता. पण आत जाणारी हवा घाटातच ७०च्या वर गेलेली, पुलच्या शेवटी ९१. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये स्पार्क ८-९ अंश मागे. इंधनाच्या रेलचा दाब कॉम्प्युटरने मागितला १३० बार, मिळाला ५४०० आरपीएमला ८८. मिश्रण मागितलं लॅम्डा ०.८२ (हवा-इंधनाचं प्रमाण; आकडा वाढला की इंधन कमी), प्रत्यक्षात ०.९१. भर बूस्टवर, ९१ अंश गरम हवेत, मिश्रण मागितल्यापेक्षा लीन, म्हणजे पेट्रोल कमी. प्लगवरच्या ठिपक्यांचा हिशोब इथे लागला.

हवेचा हिशोब

बरेच जण मला समुद्रसपाटीचं कारण सांगतात: उंचीवर हवा विरळ, टर्बोला जास्त काम. उंचीचं खरं आहे, पण सोलापूर साधारण ४७० मीटरवर आणि पुणं ५६०च्या आसपास. आपण खालीच आहोत. फरक तापमानाचा आहे आणि तो दोनदा अंगावर येतो.

पहिल्यांदा घनतेत. १८ अंशांची हवा ४२ अंशांवर गेली की त्याच दाबाला तिची घनता साडेसात टक्क्यांनी कमी होते. हे त्या मानाने किरकोळ.

दुसऱ्यांदा कॉम्प्रेसरमध्ये. हवा दाबली की तापते आणि किती तापते हे ती आत शिरताना किती गरम होती यावर ठरतं; वाढ बेरजेने होत नाही, पटीत होते, तीही केल्व्हिनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या पटीत. आपल्या उंचीवर बाहेरचा दाब साधारण ०.९५ बार. त्यावर १.२ बार बूस्ट आणि फिल्टरमधली थोडी घट धरली तर टर्बो हवेला २.३ पट दाबतो. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरू. १८ अंशांची हवा बाहेर पडते ती १३० अंशांवर. उघड्या कोनमधून बोनेटखालची ५५ अंशांची हवा घेतली तर तीच बाहेर पडते १८० अंशांच्या आसपास.

आता इंटरकूलर. तो बाहेरच्या हवेपेक्षा खाली काहीच थंड करू शकत नाही. टर्बोतून आलेली हवा आणि बाहेरची हवा यांतल्या अंतराचा काही हिस्सा तो कमी करतो. मूळचा इंटरकूलर या गाडीत रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या गर्दीत बसतो. त्याने ६५ टक्के काम केलं असं धरलं तर हिवाळ्यात १३० वरून ५७, आणि उन्हाळ्यात १८० वरून ९०. कागदावरचं गणित आणि लॉगमधले आकडे इतके जवळ आले की मालकांना वहीत मांडून दाखवता आलं. कारखान्यात स्टीमचा बॉयलर चालवणाऱ्या माणसाला हे समजवायला वेळ लागला नाही.

याच जागी मोठा टर्बो बसवला असता तर काय झालं असतं? मोठा कॉम्प्रेसर त्याच दाबाला थोडा जास्त कार्यक्षम असतो, दहा-एक अंश वाचले असते. पण तोच मूळ इंटरकूलर आणि तीच बोनेटखालची हवा. शिवाय वरच्या आरपीएमला हवा आणखी जास्त आली असती आणि इंधन तेवढंच राहिलं असतं. त्या पिस्टनांनी किती दिवस काढले असते याचा विचार करायलाही मला आवडत नाही.

पेट्रोलचा हिशोब

टीएसआय हे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन. टाकीतला पंप पेट्रोल पुढे आणतो आणि कॅमवर चालणारा दुसरा पंप ते शंभर बारच्या वर नेऊन थेट सिलिंडरमध्ये फवारायला देतो. हा दुसरा पंप मूळच्या १६० पीएसच्या हिशोबाने बनवलेला. के०४ बसवणारे जाणकार लोक टर्बोसोबत या पंपाचं पिस्टन आणि स्लीव्ह मोठं करतात. इथे ते केलेलं नव्हतं. टाकीतल्या पंपाचा दाब आम्ही वेगळा मोजला, तो शेवटपर्यंत टिकला. अडचण वरच्याच पंपाची.

मग पहिली दोन वर्षं गाडी कशी चालली? इथे पेट्रोल बदलल्याची गोष्ट येते. मॅप झाला तेव्हा आपल्याकडे १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल होतं. देशाने ती पातळी जून २०२२मध्ये गाठली. फेब्रुवारी २०२३पासून निवडक पंपांवर २० टक्क्यांचं पेट्रोल सुरू झालं आणि २०२५पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे पूर्ण ज्वलनासाठी दर किलो इंधनाला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो, १० टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १४.१, २० टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला चार टक्के जास्त इंधन. रोजच्या गाडीत कॉम्प्युटर ते गुपचूप भरून काढतो. पण ज्या पंपाची मर्यादा आधीच गाठलेली आहे, त्याच्याकडे हे चार टक्के येणार कुठून?

या विषयावर हल्ली व्हॉट्सॲपवर जे फिरतं त्यात सगळा दोष इथेनॉलला दिलेला असतो. या गाडीपुरतं मी तसं म्हणणार नाही. इथेनॉल नॉकिंगला उलट चांगला विरोध करतं आणि वाफ होताना मिश्रण थंडही करतं. पुरेसं पोचवलं तर टर्बो गाडीला ते मानवतं. इथे पोचवणाराच कमी पडत होता, इथेनॉलने फक्त ते उघड केलं. जुन्या गाडीचे रबरी होस आणि सील मात्र तपासून घ्यावेत. या गाडीचे तपासले, एक बदलला.

ऑक्टेनचा मुद्दा वेगळा. मॅप झाला तेव्हा आपल्याकडच्या साध्या पेट्रोलची किमान पातळी ९१ ऑक्टेनची होती. युरोपात लिहिलेले तयार मॅप ९५ किंवा ९८ धरून असतात. या गाडीतला मॅप कुठून आला हे कोणी सांगितलं नाही, पण त्यातलं स्पार्क टायमिंग पाहता ९१साठी तो नक्कीच नव्हता. मालक मॅपच्या दिवशी महागडं पेट्रोल भरून गेले होते आणि परत आल्यावर एमआयडीसीच्या कोपऱ्यावरच्या पंपावर साधं भरत होते. त्यांना कोणी तसं सांगितलंच नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला. गाडी देताना दोन वाक्यं बोलायला काय जातं?

काय केलं

मालकांनी विचारलं, "म्हणजे आता काढूनच टाकायचं का सगळं?" तसं काही नव्हतं. के०४ चांगला टर्बो आहे, गाडीचं इंजिन आतून निरोगी होतं. फक्त टर्बोच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टी त्याच्या तोलाच्या करायच्या होत्या.

इंधनाच्या पंपात मोठं पिस्टन आणि स्लीव्ह बसवलं. हे काम अतिशय स्वच्छ जागी करावं लागतं, धुळीचा एक कण त्या फटीत गेला तर पंप चावतो. गॅरेजचं शटर ओढून, टेबल पुसून, पावडर नसलेले हातमोजे घालून ते केलं.

इंटरकूलर मोठा घेतला, पण बाजारातला सगळ्यात जाड घेतला नाही. यावर बराच वाद झाला. जाड गाभ्याचा इंटरकूलर एका पुलसाठी उत्तम, त्याच्या वजनातच खूप उष्णता साठते. पण तो रेडिएटरची हवा अडवतो. मे महिन्यात एसी लावून घाट चढणाऱ्या गाडीत मग कूलंट तापतं आणि पंखा बंदच होत नाही. आम्ही उंची-रुंदीला मोठा पण जाडीला मध्यम निवडला, आणि रेडिएटरच्या बाजूच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बंद केल्या, म्हणजे समोरून आलेली हवा गाभ्यातूनच जाईल. फोमचा खर्च चहापाण्याइतका, फायदा लॉगमध्ये दिसण्याइतका.

कोन फिल्टर काढला. मूळची बंद एअरबॉक्स आणली, कागदी फिल्टर टाकला आणि समोरच्या ग्रिलकडून हवा घेणारा पाइप जोडला. आवाज गेला. मालक थोडे हिरमुसले, ते साहजिक होतं. पण आत शिरणारी हवा घाटात दहा अंशांनी उतरली. प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर काढणारे, घेतले, गॅप ०.६ मिलिमीटर.

मग मॅप. आम्ही तो स्वतः लिहीत नाही. लॉग, पेट्रोल आणि हवामान यांची पूर्ण माहिती देऊन एका अनुभवी ट्यूनरकडून नव्याने लिहून घेतला. आमची अट एवढीच होती की तो ४२ अंशांसाठी लिहावा आणि थंडीत जे जास्त मिळेल ते मिळू द्यावं. बूस्ट १.२ वरून १.०५वर आणला. आत जाणारी हवा ६० अंशांच्या वर गेली की बूस्ट आणि स्पार्क दोन्ही हळूहळू उतरवणारे तक्ते भरले, म्हणजे नॉक झाल्यावर मागे यायच्या आधीच गाडी सावरेल. जुन्या मॅपमध्ये हेच तक्ते जवळजवळ सपाट होते. आकडा दाखवायचा असेल तेव्हा ते सपाट करायचा मोह होतो.

पुढे काय दिसलं

जूनमध्ये गाडी पुण्याला डायनोवर नेली. चाकांवर २१९ बीएचपी. मालकांनी जुना २३८चा कागद सोबत आणला होता आणि त्यांचा चेहरा उतरला. तेव्हा त्यांना सलग पाच पुल काढून दाखवले: पहिल्या आणि पाचव्यात फरक ४ बीएचपीचा.

डायनोच्या कागदावर एक बारीक ओळ असते, करेक्शनची. हवामान वेगळं असलं तरी तुलना करता यावी म्हणून मोजलेला आकडा प्रमाण हवामानावर आणला जातो. एसएईच्या जे१३४९ पद्धतीत ते २५ अंश आणि ९९० मिलिबार. टर्बो नसलेल्या इंजिनला हे बऱ्यापैकी लागू पडतं. टर्बो इंजिनात मात्र बूस्ट कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे विरळ हवेची भरपाई आधीच झालेली असते आणि वर पुन्हा करेक्शन लावलं की आकडा फुगतो. म्हणून दोन कागद शेजारी ठेवायचे तर आधी दोन्हींवर करेक्शन लावलंय की नाही ते बघावं. जुन्या कागदावर ते लावलेलं होतं, आमच्यावर नव्हतं. हे कळल्यावर १९ बीएचपीचं दुःख बरंच कमी झालं.

जूनमध्ये आपल्याकडेही पाऊस झाला, त्यामुळे खरी परीक्षा लांबली. ऑक्टोबरच्या उन्हात आधी एकदा पाहिलं आणि मग पुढच्या एप्रिलमध्ये, ४१ अंशांत, तीच दुपार, तोच घाट, एसी, चार माणसं. पुलच्या शेवटी आत जाणारी हवा ६६ अंश. रेलचा दाब मागितला तेवढा, शेवटपर्यंत. लॅम्डा जिथे हवा तिथे. स्पार्क जास्तीत जास्त २ अंश मागे, एकाच सिलिंडरमध्ये. पी००८७ परत आला नाही. काढून पाहिलेले प्लग फिकट तपकिरी, ठिपके नाहीत. आता घाटात ट्रक ओलांडताना जी ताकद लागते ती दुसऱ्या खेपेलाही मिळते आणि तिसऱ्याही. जुन्या मॅपमध्ये दुपारी प्रत्यक्षात किती मिळत होती याचा कागद कोणाकडेच नाही.

पंप, इंटरकूलर, एअरबॉक्स, प्लग आणि मॅप यांचा एकूण खर्च मालकांनी ज्या मोठ्या टर्बोसाठी पैसे बाजूला ठेवले होते, त्याच्या निम्म्याच्या आसपास आला.

कायद्याबद्दल एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगितली, इथेही लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टींशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. ज्यांना ताकद पूर्ण वापरायची आहे त्यांनी ट्रॅकवर जावं. चेन्नई आणि कोइमतूरला सर्किट आहेत, तिथे हेल्मेट, मार्शल आणि रिकामा रस्ता तिन्ही मिळतात. मालक एकदा कोइमतूरला जायचं म्हणताहेत. जाण्याआधी ब्रेकचं ऑइल आणि पॅड बदलायचे ठरले आहेत.

गाडीत अजून दोन कामं बाकी आहेत. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि कार्बन चढतो. कॅमेऱ्यातून पाहिलं तेव्हा थर जाड होता, मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुशाने ते साफ करायचे आहेत. आणि टायमिंग चेनचा टेन्शनर जुन्या बनावटीचा आहे. या पिढीच्या इंजिनांत तो निकामी झाला की चेन सुटून व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. नवीन बनावटीचा मागवलाय, तो येईपर्यंत गाडी गिअरमध्ये टाकून उतारावर उभी करू नका आणि ढकलून चालू करू नका, असं मालकांना सांगून ठेवलंय.